हवेत वाट चुकते तेव्हा : जिम्नॅस्टिक्स, तोल आणि थांबण्याचा निर्णय

लाइट गेलेले असताना जिना उतरताय. तुमच्या हिशेबाने अजून एक पायरी बाकी आहे, म्हणून तुम्ही पाय खाली सोडता आणि जमीन आधीच लागते. सगळं अंग हादरतं, दात एकमेकांवर आपटतात, छातीत धडधड सुरू होते. पडला नाहीत, लागलं नाही, तरी इतका मोठा धक्का का बसला? कारण पाऊल टाकण्याआधीच मेंदूने जमीन कुठे आहे ते ठरवून टाकलं होतं. स्नायू त्या हिशेबाने तयार झाले होते आणि हिशेब चुकला.

हा हिशेब आपल्या शरीरात अखंड चालू असतो. आता डोळे मिटा आणि तर्जनी नाकाच्या शेंड्याला लावा. जमलं ना? हात कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिलं नाही, तरी तुम्हाला ते ठाऊक होतं. स्नायू, सांधे आणि अस्थिबंधनं (म्हणजे दोन हाडांना बांधून ठेवणारे मजबूत पट्टे) यांच्यात बारीक संवेदक असतात. कुठला अवयव किती वाकला आहे, किती ताणला गेला आहे, याची खबर ते सतत मेंदूला देत असतात. दुसरी खबर येते ती आतल्या कानातून. तिथे प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोकं वळलं की त्यांतला द्रव हलतो आणि आपण कुठल्या दिशेने फिरलो ते मेंदूला समजतं. तिसरी खबर अर्थातच डोळ्यांची. लहान मेंदू या तिन्हींचा मेळ घालतो आणि पुढच्या क्षणी शरीर कुठे असेल याचा अंदाजही बांधतो.

‘कानातले खडे सरकले’ म्हणून ज्यांना कधी चक्कर आली आहे त्यांना हा मेळ बिघडला की काय होतं ते सांगायला नको. कूस बदलली की खोली गरगर फिरते. डोळे म्हणतात खोली स्थिर आहे, कान म्हणतो तू फिरतोयस. अशा वेळी मन कितीही खंबीर असलं तरी माणूस भिंत धरूनच चालतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे २७ जुलै २०२१ची टोकियो ऑलिंपिकमधली महिला जिम्नॅस्टिक्सची सांघिक अंतिम फेरी. तेव्हापासून ओपीडीत मला अधूनमधून एक प्रश्न विचारला जातो. “डॉक्टर, ती सिमोन बाइल्स खरंच आजारी होती, की घाबरली?”

आधी काय झालं ते पाहू. २०११पासून जागतिक स्पर्धा असो की ऑलिंपिक, सांघिक सुवर्ण दरवेळी अमेरिकेच्या मुलींनीच नेलं होतं. टोकियोत संघ चौघींचा होता : सिमोन बाइल्स, सुनी ली, जॉर्डन चाइल्स आणि ग्रेस मॅकॅलम. अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर तिघी उतरतात आणि तिघींचेही गुण धरले जातात. कुणाचा एखादा खराब आकडा वगळण्याची सोय नसते. पहिलं साधन होतं व्हॉल्ट. धावत यायचं, उलटं होऊन स्प्रिंगबोर्डवर पाय द्यायचे, सव्वाशे सेंटिमीटर उंच टेबलावर हात टेकून हवेत झेपावायचं आणि पाठीमागे गिरकी घेत असतानाच शरीर लांबीच्या अक्षाभोवती अडीच वेळा फिरवून उतरायचं. या उडीला ‘अमानार’ म्हणतात. बाइल्सने ती कितीतरी वेळा केलेली होती. त्या दिवशी मात्र अडीचऐवजी दीडच फेरा झाला. ती कशीबशी पायांवर उतरली, गुण मिळाले १३.७६६. त्यानंतर ती संघाच्या वैद्यकीय मदतनीसाबरोबर बाहेर गेली आणि परत आली ती उरलेल्या तीन साधनांवर न उतरण्याचं ठरवूनच.

जिम्नॅस्ट याला ‘ट्विस्टीज’ म्हणतात. नाव खेळकर आहे, प्रकार मुळीच नाही. उडी घेतल्यावर आपण हवेत कुठे आहोत, किती फिरलो, जमीन कुठल्या बाजूला आहे, याची जाणीवच तुटते. हात-पाय, स्नायूंची ताकद सगळं जागच्या जागी असतं. तुटलेला असतो तो मेळ. एक्स-रे, एमआरआय किंवा रक्ताच्या तपासणीत यातलं काहीही दिसणार नाही, आणि बघणाऱ्यांची शंका नेमकी इथूनच सुरू होते. पाय प्लास्टरमध्ये असता तर कुणीही ‘घाबरली का’ असं विचारलं नसतं.

अंदाज थोडासा चुकला तरी केवढा फरक पडतो याचं एक जुनं उदाहरण या खेळातच आहे. सिडनी ऑलिंपिक, सन २०००, महिलांची वैयक्तिक सर्वसाधारण अंतिम फेरी. जगातल्या उत्तमोत्तम मुली व्हॉल्टवर एकामागून एक पडत होत्या. रशियाची स्वेतलाना खोरकिना त्या स्पर्धेची मोठी दावेदार होती, तीही गुडघ्यांवर आली. मग ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरच्या लक्षात आलं की साधनाची उंची बरोबर वाटत नाही. मोजलं तेव्हा ते पाच सेंटिमीटरने खाली बसवलेलं निघालं. पाच सेंटिमीटर म्हणजे तीन बोटांची रुंदी! डोळ्यांना न जाणवलेली चूक त्या मुलींच्या शरीरांना मात्र भोवली. हजारो वेळा केलेल्या सरावातून लहान मेंदूने जो नकाशा तयार केला होता, त्यात साधन तीन बोटं वर होतं. इथे निदान चूक साधनाची होती, ते वर उचलता आलं. बाइल्सच्या बाबतीत नकाशाच हरवला होता.

आणि हो, ‘जोर लावून प्रयत्न केला असता तर?’ याने उलट बिघडतं. वर्षानुवर्षं केलेली हालचाल मेंदूच्या आपोआप चालणाऱ्या भागांकडे गेलेली असते. जी बाई रोज वीस भाकऱ्या थापते तिला सांगून बघा, की आता प्रत्येक वेळी हात किती अंशांत फिरतोय त्याकडे लक्ष दे. भाकरी फाटलीच समजा. ताण, अपुरी झोप, सगळ्या जगाची नजर आपल्यावर असल्याची जाणीव यांमुळे माणूस आपोआप होणाऱ्या कामात मुद्दाम लक्ष घालू लागतो. मग सवयीचं काम अडखळतं. भाकरी फाटली तर पीठ पुन्हा मळता येतं. व्हॉल्टवरून डोकं खाली असताना हे झालं तर मान जमिनीवर आदळते.

अतिशयोक्ती करतोय असं वाटत असेल तर येलेना मुखिनाचं नाव ऐकून ठेवा. सोव्हिएत संघातली ही मुलगी १९७८ची जगज्जेती. १९७९मध्ये तिचा पाय मोडला. हाड नीट भरून येण्याआधीच तिला पुन्हा सरावाला जुंपलं गेलं, कारण मॉस्को ऑलिंपिक जवळ येत होतं. जुलै १९८०मध्ये मिन्स्क इथल्या सराव शिबिरात एका अतिशय धोकादायक कसरतीत तिला पुरेशी उंची मिळाली नाही आणि ती मानेवर पडली. मानेचा मणका तुटला. तेव्हा ती वीस वर्षांची होती. मानेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं आणि २००६मध्ये ती गेली. या कसरतीत माझी मान मोडेल, हे आपण आधी सांगितलं होतं, असं तिने नंतर मुलाखतीत म्हटलं होतं. ऐकणारं कुणी नव्हतं.

आता टोकियोच्या पंचवीस वर्षं आधीची अटलांटाची रात्र पाहा. २३ जुलै १९९६. संघ पुन्हा अमेरिकेचाच, शेवटचं साधन व्हॉल्ट. चौदा वर्षांची डॉमिनिक मोचिआनू दोन्ही उड्यांत पडली. शेवटची होती अठरा वर्षांची केरी स्ट्रग. पहिल्या उडीत तीही पडली आणि तिचा डावा घोटा दुखावला. लंगडत ती परत गेली, दुसरी उडी घेतली, दोन पायांवर उतरली, लगेच दुखरा पाय उचलून एका पायावर उभी राहिली, पंचांना अभिवादन केलं आणि कोसळली. अमेरिकेच्या महिला संघाला पहिलंवहिलं सांघिक सुवर्ण मिळालं. प्रशिक्षक बेला कारोली यांनी तिला उचलून पदक घ्यायला नेलं आणि ते छायाचित्र जगभर झळकलं. तुमच्यापैकी ज्यांनी तेव्हा दूरदर्शनवर पाहिलं असेल त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल. माझ्याही आलं होतं.

पण थोडं गणित करू. तेव्हा सहा जणींपैकी सर्वोत्तम पाच गुण धरत. स्ट्रगला दुसऱ्या उडीचे ९.७१२ मिळाले. ती उडी झालीच नसती तर तिच्याऐवजी मोचिआनूचे ९.२०० धरले गेले असते, म्हणजे अमेरिकेचे ०.५१२ गुण कमी झाले असते. अमेरिकेने रशियावर मात केली होती ०.८२१ने. सुवर्ण तरीही मिळालं असतं! रशियाच्या मुलींची कामगिरी अजून पूर्ण व्हायची होती, त्यामुळे त्या क्षणी कुणी खात्रीने सांगू शकलं नसतं हे खरं. पण त्या एका उडीची किंमत स्ट्रगने पुढच्या दिवसांत मोजली. ती वैयक्तिक अंतिम फेऱ्यांसाठी पात्र ठरली होती, त्यातल्या एकाही फेरीत ती उतरू शकली नाही. मोठ्या स्पर्धांतली तिची कारकीर्द तिथेच संपली.

तिच्या घोट्याला झालेली दुखापत तिसऱ्या श्रेणीची होती, आणि हे तुमच्या रोजच्या कामाचं आहे म्हणून जरा थांबून सांगतो. पाय मुरगळतो तेव्हा बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं अस्थिबंधन दुखावतं. पहिल्या श्रेणीत ते फक्त ताणलं जातं, दुसऱ्यात अर्धवट फाटतं, तिसऱ्यात पूर्ण. आपल्याकडे पाय मुरगळला की कुणीतरी तो चोळून, ओढून ‘बसवून’ देतं. कृपा करून हे करू देऊ नका. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, पण चोळू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. चार पावलंसुद्धा टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट दाबल्यावर कळ येत असेल, तर हाड मोडलं नाही ना हे बघायला एक्स-रे हवाच.

आणि सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला, असं नाही. सुरुवातीला मी ज्या संवेदकांबद्दल सांगितलं ते याच अस्थिबंधनात असतात. पट्टा फाटला की खबर देणारेही जखमी होतात. म्हणून तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो आणि लोक म्हणतात ‘माझा पायच कच्चा आहे’. दुखणं थांबल्यावर रोज भिंतीजवळ त्या पायावर तीस सेकंद उभं राहा. जमू लागलं की डोळे मिटून करा, भिंतीपासून हात जवळच ठेवून. काही आठवडे नेटाने केलं तर पाय पुन्हा शहाणा होतो. एवढा साधा आणि फुकटचा व्यायाम, पण दहातले दोन पेशंटसुद्धा तो करत नाहीत.

अटलांटात मोचिआनू खेळली तीही नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर असताना. पुन्हा पुन्हा बसणाऱ्या आघातांनी हाडाला पडलेली ही बारीक चीर. सुरुवातीच्या आठवड्यांत ती साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. खेळताना एकाच ठिकाणी दुखतं, थांबलं की कमी होतं, आणि पुढे बसल्या जागीही ठणकू लागतं. अशीच नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली होती, खो-खो खेळणारी. नडगीवर बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी दुखत होतं. पाळीही चार महिने आली नव्हती. आई म्हणाली, “डॉक्टर, स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय. तेवढ्यापुरतं एखादं इंजेक्शन द्या ना.” मी मुलीला विचारलं, तुला काय वाटतं? तिने आईकडे पाहिलं, मग सरांचं नाव घेतलं, मग म्हणाली, “मला पळताना भीती वाटते.” एमआरआयमध्ये चीर निघाली. सहा आठवडे विश्रांती, आहारात भरपूर वाढ, पाळीची तपासणी. स्पर्धा हुकली. घरी ती महिनाभर माझं नावसुद्धा काढू देत नव्हती, असं तिच्या आईनेच मला नंतर हसत हसत सांगितलं.

खेळणाऱ्या मुलीची पाळी थांबणं याला ‘सरावामुळे होतंच’ म्हणून सोडू नका. जेवढी ऊर्जा खर्च होते तेवढी पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळी बंद करतं, आणि संप्रेरकं घटल्यामुळे हाडं ठिसूळ होऊ लागतात. ज्या खेळांत बारीक अंगकाठीचं कौतुक होतं तिथे हे जास्त दिसतं. जिम्नॅस्टिक्स त्यात वर आहे, पण नृत्य आणि लांब पल्ल्याचं धावणंही आहेच.

इथे आम्हा डॉक्टरांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर हा लेख अर्धा राहील. अमेरिकेच्या या संघाच्या वैद्यकीय उपचारांची सूत्रं १९९६पासून जवळजवळ दोन दशकं लॅरी नासार नावाच्या डॉक्टरकडे होती. उपचाराच्या नावाखाली त्याने शेकडो मुलींवर लैंगिक अत्याचार केले. जानेवारी २०१८मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. आपणही त्या पीडितांपैकी एक आहोत हे बाइल्सने त्याच महिन्यात जाहीर केलं. ‘दुखतंय’ म्हटल्यावर दटावणारे प्रशिक्षक आणि ‘हा उपचारच आहे’ म्हणणारा डॉक्टर, यांच्यामध्ये वाढलेल्या मुलीला स्वतःच्या शरीराची खबर खरी मानायला किती बळ लागत असेल? मला तरी टोकियोतला तिचा निर्णय या सगळ्यापासून वेगळा काढून बघता येत नाही. तुम्ही आपल्या मुलीला दवाखान्यात नेता तेव्हा तपासणीच्या वेळी तिच्याजवळ आई, घरातली बाई किंवा परिचारिका असणं हा तिचा हक्क आहे. कुठे हात लावणार आणि का, हे डॉक्टरांनी आधी सांगायला हवं. विचारायला संकोचू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

तर ‘आजारी होती की घाबरली’ याचं माझं उत्तर असं, की ही दोन वेगळी खाती नाहीत. भीती हीसुद्धा शरीराचीच खबर आहे. तोल जातोय हे ज्याला समजतं त्याला भीती वाटणारच, आणि वाटायलाच हवी. चक्कर येत असताना स्कूटर चालवू नका असं मी सांगतो तेव्हा तुम्ही मला भित्रा म्हणत नाही.

त्या रात्री तिच्या जागी जॉर्डन चाइल्स बार आणि बीमवर उतरली, तर फ्लोअरवर सुनी ली. रशियाच्या मुलींनी सुवर्ण नेलं, अमेरिकेला रौप्य, ब्रिटनला कांस्य. बाइल्स कडेला उभी राहून मैत्रिणींसाठी ओरडत होती. दोन दिवसांनी झालेल्या वैयक्तिक सर्वसाधारण फेरीतूनही तिने माघार घेतली आणि ते सुवर्ण सुनी लीने जिंकलं. व्हॉल्ट, बार आणि फ्लोअरच्या फेऱ्याही बाइल्सने सोडल्या. दरम्यान ती जुंतेंदो विद्यापीठाच्या जिममध्ये मऊ गाद्यांवर सराव करत होती, पाठीवर पडत होती, पुन्हा उठत होती. ३ ऑगस्टला ती बीमच्या अंतिम फेरीत उतरली. दहा सेंटिमीटर रुंदीच्या त्या पट्टीवरून उतरताना तिने अंगाला पीळ देणारा फेरा टाळला आणि फक्त उलट्या गिरक्या घेऊन उतरली. बिघडलेला भाग बाजूला ठेवून शाबूत असलेल्या भागावर काम करणं, हे पुनर्वसनाचं अगदी पुस्तकी उदाहरण. कांस्य मिळालं.

पुढे तिने जवळजवळ दोन वर्षं स्पर्धांपासून दूर राहून २०२३मध्ये पुनरागमन केलं, मानसोपचारही चालू ठेवले. ३० जुलै २०२४ला पॅरिसमध्ये सांघिक सुवर्ण पुन्हा अमेरिकेकडे आलं तेव्हा बाइल्स सत्तावीस वर्षांची होती आणि पोटरी दुखावलेली असल्याने पट्टी बांधून खेळत होती. तिच्याबरोबर सुनी लीही होती, आणि तिची गोष्ट मला डॉक्टर म्हणून जास्त मोलाची वाटते. २०२३च्या सुरुवातीला तिला अचानक सूज येऊ लागली. चेहरा सुजला, हात इतके सुजले की बारवर पकडच बसेना. एवढ्या तंदुरुस्त मुलीला काय होणार, असं म्हणून कुणी ते सोडून दिलं असतं. तपासण्यांत मूत्रपिंडाचा आजार निघाला. उपचार सुरू झाले, काही महिने सराव सुटला, औषधं बदलत राहिली. दीड वर्षाच्या आत ती पॅरिसच्या संघात होती आणि बार आणि वैयक्तिक सर्वसाधारण फेरीत तिने कांस्य पटकावलं.

सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी घोट्यांवर मोजे रुतल्याच्या खोल खुणा, लघवीला न विरणारा फेस : यांतलं काहीही आठवडाभर टिकलं तर लघवीची साधी तपासणी, रक्तातलं क्रिएटिनिन आणि रक्तदाब एवढं करून घ्या. वय कितीही असो, आणि अंगकाठी कितीही दणकट असो.